तीस उन्हाळ्यांनंतरची मोजणी

१९६८ साली अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर, प्रुडो बे येथे, तेलाचा प्रचंड साठा सापडला. ते तेल दक्षिणेच्या बंदरापर्यंत आणायचे तर सुमारे तेराशे किलोमीटर लांबीची नळवाहिनी टाकावी लागणार होती आणि नळवाहिनीच्या आधी रस्ता करावा लागणार होता. १९७४ च्या एप्रिलअखेरीस काम सुरू झाले आणि १५४ दिवसांत, सप्टेंबर संपण्याआधी, युकॉन नदीपासून आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत खडीचा रस्ता तयार झाला. आज त्याला डाल्टन हायवे म्हणतात. सूचिपर्णी जंगलातून तो उत्तरेकडे निघतो. मग झाडे खुजी होत जातात आणि एका ठिकाणी संपतात. १,४०० मीटरहून उंच अटिगुन खिंडीतून तो ब्रुक्स पर्वतरांग ओलांडतो आणि तिथून समुद्रापर्यंत नुसता टुंड्रा पसरलेला असतो. उत्तरेकडे जावे तसा उन्हाळा आखूड होत जातो.

रस्ता तेलासाठी झाला, पण त्याचे सोने केले वनस्पतिशास्त्रज्ञांनी. तोवर ब्रुक्स रांगेपलीकडे जायचे तर विमान करावे लागे, ते परवडेल तितकेच दिवस राहायचे आणि हाती लागेल तेवढे घेऊन परतायचे. १९७५ मध्ये अलास्का विद्यापीठाने टूलिक सरोवराच्या काठी संशोधन तळ उभारला आणि त्याच टुंड्रावर दर उन्हाळ्यात परत येणे शक्य झाले. आर्क्टिक वनस्पतींच्या अनुकूलनाबद्दल आज आपल्याला जे पक्के ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग या परत परत येण्यातून मिळालेला आहे.

या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो किलोमीटर एक वनस्पती सोबत करते, ती म्हणजे कापूसगवत, एरिओफोरम व्हॅजिनॅटम. हे लव्हाळ्याच्या कुळातले आहे आणि ठोंब करून वाढते. जुनी पाने वाळतात, पण त्यांचे बुंध्याकडचे वेष्टण लवकर कुजत नाही. त्यावर नवे फुटवे येतात, तेही वाळतात, आणि असा थर साचत साचत वीत-दीड वीत उंचीचा घट्ट उंचवटा तयार होतो. त्यावर पाय ठेवावा तर तो डुगडुगतो, दोन ठोंबांच्या मधे ठेवावा तर ओल्या शेवाळात घोट्यापर्यंत रुततो. जूनमध्ये या ठोंबांवर पांढऱ्या कापसाचे गोंडे डोलू लागतात. त्याआधीच, कळ्या वर येत असतानाच, कॅरिबू हरणे त्या खुडून खातात. मुळांची तऱ्हा तर आणखीच वेगळी. हिवाळ्यात ती मरतात. दर वर्षी नवी मुळे फुटतात आणि उन्हाने माती जसजशी सुटत जाते तसतशी ती गोठलेल्या थराच्या अगदी कडेपर्यंत खाली उतरतात. त्याखाली बारमाही गोठलेली जमीन असते, तिच्यात शिरण्याची कोणाचीच टाप नाही. असा एक ठोंब शंभराहून अधिक वर्षे जगतो.

दक्षिणेकडच्या ठोंबांची पाने लांब, उत्तरेकडच्यांची आखूड. हा फरक रस्त्याने जाणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल. प्रश्न असा की उत्तरेचा ठोंब थंडीमुळे खुजा राहतो, की खुजेपण त्याच्या बीजातच आहे? तोच ठोंब उचलून दक्षिणेत लावला तर तो मोठा होईल का? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर मिळवायला शंभर वर्षे लागली आणि वाटेत मोठी माणसे चुकली.

फ्रान्सच्या गास्तों बॉनिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत उंचावर वाफे केले. सखल भागातली रोपे दुभागून एक भाग खाली आणि एक वर लावला. वरची रोपे बुटकी, दाट, गडद रंगाची झाली. इथपर्यंत सारे ठीक होते. पण पुढे त्यांनी असा दावा केला की काही सखल जाती वर जाऊन चक्क पर्वतीय जाती बनल्या. परिस्थितीच वनस्पतीला नव्याने घडवते आणि ती घडण टिकते, ही लामार्कची समजूत त्या काळी फ्रान्समध्ये बळकट होती आणि बॉनिएंच्या प्रयोगांनी तिला आधार दिला. पुढे इतरांनी काळजीपूर्वक तेच प्रयोग केले, तेव्हा एकही जात दुसऱ्या जातीत बदलली नाही. आजूबाजूची रानटी रोपे बॉनिएंच्या उघड्या वाफ्यांत शिरली असावीत आणि मूळ रोपे मरून त्यांची जागा त्यांनी घेतली असावी, असाच याचा अर्थ लावला जातो. वाफ्यातल्या प्रत्येक रोपावर खूण असणे आणि दर वर्षी ते तेच रोप आहे हे तपासणे ही शिस्त या शास्त्राचा कणा आहे, हे त्या चुकीमुळे सगळ्यांना पटले.

खरी वाट दाखवली ती स्वीडनच्या योटे ट्युरेसन यांनी. दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतात हायरेशियम अम्बेलाटम नावाचे पिवळ्या फुलांचे एक रोप वाळूच्या टेकड्यांवर, किनाऱ्याच्या कड्यांवर, शेतांच्या बांधांवर आणि रानात उगवते. प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप वेगळे असते. ट्युरेसन यांनी निरनिराळ्या ठिकाणची रोपे आणून एका बागेत, एकाच मातीत, शेजारी शेजारी लावली. परिस्थितीने घडवलेला फरक असता तर तो तिथे पुसला गेला असता, पण पुष्कळसा फरक टिकला. वाळूच्या टेकडीवरून आलेल्या रोपांनी टेकडीवरचे रूप सोडले नाही आणि कड्यावरच्या रोपांनी कड्यावरचे. १९२२ साली त्यांनी 'हेरेडिटास' या नियतकालिकात याची मांडणी केली आणि अशा स्थानिक, आनुवंशिक रूपांना 'इकोटाइप' हे नाव दिले. एक जात म्हणजे एकजिनसी गोष्ट नव्हे, निरनिराळ्या जागांनी निवडून काढलेल्या गटांची ती गुंफण असते. हा विचार तेव्हा नवा होता. आज तो इतका अंगवळणी पडला आहे की ट्युरेसन यांचे नाव वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्याही ओठांवर येत नाही, आणि ते मला खटकते.

त्यानंतर कॅलिफोर्नियात कार्नेगी संस्थेच्या येन्स क्लाउसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हीसी या तिघांनी ट्युरेसनच्या एका बागेच्या तीन बागा केल्या. स्टॅनफर्डची बाग समुद्रसपाटीपासून जेमतेम ३० मीटरवर, माथरची १,४०० मीटरवर आणि टिंबरलाइनची ३,००० मीटरहून थोडी वर. एकच रोप तीन भागांत तोडून तीनही बागांत लावायचे, म्हणजे जनुके तीच आणि हवा मात्र तीन प्रकारची. किनाऱ्याची रोपे वरच्या बागेत हिवाळा काढू शकली नाहीत. डोंगरमाथ्यावरची रोपे स्टॅनफर्डला आणली, तर तिथल्या उबदार हिवाळ्यातही ती झोपी गेली. बाहेर ऊब, ओल, सूर्यप्रकाश सगळे हजर असताना रोप जागे होत नाही, कारण त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी या महिन्यांत बर्फाखाली राहायचे ठरवलेले असते. १९४० साली त्यांचा पहिला ग्रंथ आला आणि परिस्थिती की आनुवंशिकता या वादाचा सूरच बदलला. रोप परिस्थितीप्रमाणे वाकते हे खरेच, पण किती वाकायचे याची मर्यादा त्याच्या जनुकांत असते.

हे सारे कॅलिफोर्नियाच्या डोंगरांचे झाले. आर्क्टिककडे हा प्रश्न नेला तो उत्तर कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या ड्वाइट बिलिंग्ज यांनी आणि त्यांचे विद्यार्थी हॅरल्ड मूनी यांनी. त्यांनी निवडलेली वनस्पती आपल्याला थोडी ओळखीची वाटेल. ऑक्सिरिया डिजिना ही चुक्याच्या कुळातली आहे, पाने वाटोळी आणि चवीला आंबट. आर्क्टिकमध्ये ती जवळजवळ सगळीकडे आढळते, आणि दक्षिणेत रॉकी, सिएरा नेवाडा, आल्प्स आणि आपल्या हिमालयातही उंचावर उगवते. आर्क्टिकमध्ये उन्हाळाभर सूर्य मावळत नाही, पण तो क्षितिजाजवळ मंद तळपतो. दक्षिणेच्या पर्वतांवर रात्र होते, पण दिवसाचे ऊन प्रखर असते. दोन्हीकडे थंडी सारखीच असली तरी प्रकाश अगदी वेगळा.

मूनी आणि बिलिंग्ज यांनी निरनिराळ्या अक्षांशांवरून बी गोळा करून रोपे एकसारख्या परिस्थितीत वाढवली आणि त्यांचा श्वास, प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, फुलोरा हे सारे मोजले. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात उत्तरेचे आणि दक्षिणेचे रोप दोन वेगळ्या यंत्रांसारखे चालताना दिसते. उत्तरेच्या रोपांत हरितद्रव्य अधिक, श्वसनाचा वेग अधिक, आणि कमी उजेडातच त्यांच्या प्रकाशसंश्लेषणाची कमाल गाठली जाते. दक्षिणेच्या पर्वतांवरची रोपे मात्र प्रखर उजेडापर्यंत चढत जातात. उत्तरेच्या रोपांना फुलायला फार लांब दिवस लागतो, तो मिळाला नाही तर ती फुलतच नाहीत. उत्तरेकडची रोपे जमिनीखालून धावणाऱ्या खोडांनी पसरण्यावर भर देतात आणि दक्षिणेकडची फुलांवर. एकाच नावाखाली, एकाच आंबट पानात, शरीरक्रियेचा इतका मोठा फरक दडलेला होता. हा शोधनिबंध आजही वाचावा असा आहे, कारण त्यात आकडे बोलतात आणि लेखक त्यांच्या मधे येत नाहीत.

अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी या वनस्पतीचा प्रवासही उलगडला आहे. तिचे मूळ घर तिबेटचे पठार आणि त्याच्या आसपासचा प्रदेश असावे. तिथून ती उत्तरेला सरकली आणि मग ध्रुवाभोवती पसरली. हिमालयातला आंबट पाला हा आर्क्टिकमधल्या पाल्याचा नातलग आहे, आणि बहुधा घराण्याची थोरली पाती हिमालयाकडचीच.

गोव्यात वास्को येथे असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे केंद्र जुलै २००८ पासून स्वालबार द्वीपसमूहातल्या न्यू-ऑलेसुंड येथे आहे, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला. तिथेही ऑक्सिरिया उगवते. न्यू-ऑलेसुंड ज्या खाडीवर आहे त्या कोंग्सफ्योर्डच्या किनाऱ्यावर स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे रॉबर्ट क्रॉफर्ड आणि त्यांचे सहकारी जांभळ्या फुलांच्या सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलियाचा अभ्यास करत होते. खालच्या ओल्या किनाऱ्यावर, जिथे बर्फ उशिरा वितळतो, तिथे ती जमिनीवर सरपटत वाढते आणि हाती आलेल्या थोड्या आठवड्यांत घाईघाईने श्वास घेत, घाईघाईने वाढते. जवळच्याच कोरड्या उंचवट्यावर ती दाट गड्डा करून राहते, सावकाश जगते, पाण्याची काटकसर करते. दोन्ही रूपे थोडे चालून पाहता येतात.

इतक्या जवळ राहूनही दोन रूपे एकमेकांत मिसळून का जात नाहीत? वारा परागकण नेतो, कीटक नेतात, बी उडते. मग फरक पुसला जायला हवा. हा प्रश्न घेऊन जॅनिस अँटोनोव्हिक्स यांनी आधी वेल्समधल्या जुन्या खाणींवर काम केले होते. खाणीच्या विषारी मातीत धातू सोसणारे गवत आणि काही मीटरवर कुरणात धातू न सोसणारे तेच गवत, मधली सीमा अगदी ठसठशीत. परागकण सीमा ओलांडत होते, पण चुकीच्या बाजूला रुजलेले रोप मरत होते. निवड इतकी कठोर असेल तर अंतर लागत नाही. ड्यूकमध्ये आल्यावर त्यांनी जेम्स मॅकग्रॉ यांच्याबरोबर हाच प्रश्न अलास्कात नेला.

जागा होती फेअरबँक्सच्या ईशान्येची ईगल क्रीक. वनस्पती होती ड्रायास ऑक्टोपेटाला, गुलाबाच्या कुळातली, आठ पांढऱ्या पाकळ्यांची. तिचे फूल दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरते. पाकळ्यांच्या वाटीत ऊन एकवटते, आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उबदार होते आणि डास-माश्या तिथे शेकायला बसतात. या उतारावर तिची दोन रूपे आहेत. वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या उघड्या माळावर लहान पानांचे रूप आहे. तिथे ऋतू लवकर सुरू होतो, पण जमीन कोरडी आणि कसहीन असते. खालच्या खळग्यात मोठ्या पानांचे रूप आहे. तिथे बर्फ साठून उशिरा वितळतो, ओल आणि अन्नद्रव्ये भरपूर, पण ऋतू आखूड आणि शेजारी दाट. मधल्या पट्ट्यात मधली रूपेही सापडतात.

मॅकग्रॉ आणि अँटोनोव्हिक्स यांनी माळावरची रोपे खळग्यात आणि खळग्यातली माळावर लावली, शिवाय प्रत्येक रूपाची रोपे त्याच्या स्वतःच्या जागीही पुन्हा लावली. ती स्वतःच्या जागीची लावणी नसती तर उपटण्याचा धक्का कोणता आणि परकेपणाचा कोणता हे कळले नसते. आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर, बीपासून मोठ्या रोपापर्यंत, निवड कुठे कठोर आहे हे त्यांनी पाहिले. सावली दिली, खत घातले, शेजारी काढून टाकले. माळावरचे छोट्या पानांचे रूप खळग्यात थंडीने मरत नव्हते, शेजाऱ्यांच्या सावलीत मागे पडत होते. १९८३ साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फरक स्पष्ट होते. पण परक्या जागी लावलेली मोठी रोपे हळूहळू खंगत होती, एकदम मरत नव्हती, आणि निकाल अजून पुरता लागलेला नव्हता.

त्याच सुमारास, मुख्यतः डाल्टन हायवेवर, कापूसगवताचा प्रयोग उभा राहत होता. गस शेव्हर, नेड फेचर आणि टेरी चेपिन यांनी १९८० ते १९८२ च्या दरम्यान ईगल क्रीकपासून कोल्डफूट, टूलिक, सॅगवनमार्गे प्रुडो बेपर्यंत अशा सहा बागा केल्या. दर वर्षी नवी मुळे फुटत असल्यामुळे ठोंब तळापासून सोडवून हलवता येत असे. प्रत्येक ठिकाणचे ठोंब प्रत्येक बागेत गेले आणि घरच्या जागीही परत लावले गेले. कुंपण घालून, पाणी देऊन, निगा राखून वाढवायची ही बाग नव्हती. ठोंब टुंड्रातच, इतर ठोंबांच्या मधे लावले, खूण केली आणि सोडून दिले.

१९८६ साली पहिला सविस्तर अहवाल आला. उत्तरेचा ठोंब दक्षिणेत आणला की पाने लांबतात, म्हणजे खुजेपणाचा काही भाग थंडीचाच. पण तो दक्षिणेच्या ठोंबाइतका कधीच वाढत नाही, म्हणजे उरलेला भाग बीजातला. पुढे १९९० मध्ये फेचर आणि शेव्हर यांनी आणखी एक बारकावा दाखवला. चांगले दिवस आले तर त्यांचा फायदा उठवण्याची क्षमताही सगळ्यांत सारखी नाही. कठीण जागेतून आलेले ठोंब चांगल्या परिस्थितीला थोडाच प्रतिसाद देतात. जिथे उन्हाळा कधी लांबतच नाही, तिथे लांब उन्हाळ्याची तयारी ठेवणारी जनुके साठून राहण्याचे कारणच नसते. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा धागा आहे, आणि त्या काळी तो फारसा कोणी उचलला नाही.

मग वर्षे गेली. संशोधनाचे अनुदान सहसा तीन वर्षांचे असते, पीएचडी पाच वर्षांची, आणि ठोंबाचे आयुष्य शंभराहून अधिक. खुणांच्या पट्ट्या उन्हाने फिक्या झाल्या, काही हरवल्या, काही शेवाळाने झाकल्या. अशा बागा जगभर किती तरी झाल्या असतील आणि विसरल्या गेल्या असतील. या विसरल्या गेल्या नाहीत, कारण ज्यांनी त्या लावल्या तीच माणसे, आता केस पांढरे झालेली, परत गेली. २०१० च्या आसपास मॅकग्रॉ, फेचर, शेव्हर, सिंथिया बेनिंग्टन आणि इतर सहकारी ईगल क्रीकच्या उतारावर आणि हायवेच्या बागांत जाऊन जुने नकाशे हातात धरून रोप न् रोप शोधू लागले. ठोंबांतले फुटवे मोजण्याचे काम गुडघ्यांवर बसून, डासांच्या ढगात, बोटांनी पाने बाजूला सारत करावे लागते. असे काम कोणत्याही उपग्रहाला करता येणार नाही.

२०१२ साली 'जर्नल ऑफ इकॉलॉजी'त निष्कर्ष आले. सुरुवातीच्या काही वर्षांत अर्धवट वाटलेला निकाल तीस वर्षांत पुरता लागला होता. ड्रायासच्या बाबतीत परक्या जागी लावलेल्यांपेक्षा घरच्या जागेवरची रोपे कितीतरी अधिक जगली होती. कापूसगवताच्या बाबतीतही घरच्या ठोंबांची सरशी होती. दरसालचा तोटा थोडासाच, पण तो तीसदा साठत गेला तेव्हा जगणे आणि मरणे यांत फरक पडला. दोन-तीन उन्हाळ्यांच्या प्रयोगावरून आर्क्टिक वनस्पतीचा न्याय करू नये, हे त्यांनी दाखवून दिले.

पण या तीस वर्षांत बागांखालची जमीन स्थिर राहिली नव्हती. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापले आहे. म्हणून मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी घेऊन पुढचा प्रश्न विचारला: प्रत्येक ठोंब सर्वांत चांगला कुठे वाढला? घरी, की दुसरीकडे? २०१५ मध्ये छापलेले उत्तर अस्वस्थ करणारे आहे. ठोंबांची वाढ आपापल्या मूळ जागेपेक्षा सुमारे १४० किलोमीटर उत्तरेला सर्वांत चांगली दिसली. ज्या हवेसाठी त्यांची निवड झाली होती ती हवा उत्तरेला निघून गेली होती आणि ठोंब मागे राहिले होते. बाकीच्यांच्या तुलनेत घरचा ठोंब अजून बरा असेल, पण घर बदलले होते.

आणि इथे १९९० चा तो धागा परत हाती येतो. हवा उबदार झाली तर उत्तरेचा ठोंब लांबलेल्या ऋतूचा फायदा का उठवत नाही? २०१७ मध्ये थॉमस पार्कर, फेचर आणि सहकाऱ्यांनी पानांच्या हिरवेपणाचे वेळापत्रक पाहिले. उत्तरेचा ठोंब दक्षिणेच्या बागेत आणला तरी तो लवकर पिवळा पडायला लागतो. दक्षिणेचा ठोंब त्याच बागेत, त्याच हवेत, उशिरापर्यंत हिरवा राहतो. पाने कधी आवरती घ्यायची हे ठरवणारा त्यांचा संकेत हवेच्या उबेपेक्षा दुसरीकडे बांधलेला आहे, बहुधा दिवसाच्या लांबीशी, आणि दिवसाची लांबी हवामानबदलाने बदलत नाही. प्रुडो बेजवळचा ठोंब ऑगस्टमध्ये उरलेले ऊन तसेच वाया जाऊ देतो. हजारो वर्षे हाच त्याचा शहाणपणा होता, कारण एक लवकर आलेला कडाका हिरव्या पानांतली सगळी अन्नद्रव्ये घेऊन जाई.

जुनी जनुके किती वेगळी होती हे पाहण्याची एक विलक्षण सोय ईगल क्रीकवरच सापडली. तिथल्या उतारावर भिजलेली माती दर वर्षी अगदी थोडी खाली सरकते आणि समोरच्या टुंड्रावर पसरत जाते. त्या मातीच्या जिभेखाली जुनी जमीन गाडली जाते, तिच्यातल्या बियांसकट. जितके आत खणावे तितके बी जुने. मॅकग्रॉ, मिलन व्हाव्रेक आणि बेनिंग्टन यांनी १९९० च्या सुमारास तिथून केरेक्स बिगेलोवाय या लव्हाळ्याचे बी काढले. कार्बन कालमापनाने त्यातले काही सुमारे दोनशे वर्षांचे निघाले, आणि ते रुजले. दोन शतकांपूर्वीची रोपे आजच्या रोपांशेजारी वाढवून पाहिली तर वाढीत आणि जनुकांत फरक दिसला. एवढ्या काळात, एकाच उतारावर, निवडीने आपले काम केले होते. सायबेरियात कोलिमा नदीकाठी खारींच्या प्राचीन बिळांत सापडलेल्या फळाच्या ऊतींपासून स्वेतलाना याशिना आणि डेव्हिड गिलिचिन्स्की यांनी २०१२ मध्ये सुमारे ३२ हजार वर्षांपूर्वीची सायलेनी स्टेनोफिला फुलवली. त्या जुन्या रोपांची पहिली फुले फक्त मादी होती, आजच्या रोपांची तशी नसतात. हिमयुगातली वनस्पती तीच, पण घडण हुबेहूब तीच नाही.

मग ही घडण बदलायला किती जनुके लागतात, आणि सगळ्या वनस्पती एकाच वाटेने जातात का? ऑस्लोच्या सिरी बिर्केलान आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मोहरीच्या कुळातल्या तीन आर्क्टिक जाती तपासल्या: कार्डामाइन बेलिडिफोलिया, कॉक्लिअरिया ग्रोएनलांडिका आणि ड्राबा निव्हालिस. तिघींचे पूर्वज वेगवेगळ्या वेळी थंड प्रदेशात पोचले. तिघींनी गोठण, कोरडेपणा, रात्र नसलेला उजेड हेच प्रश्न सोडवले. पण निवडीचा ठसा असलेली जनुके तिघींत जवळजवळ वेगवेगळी निघाली. कामे मिळतीजुळती होती, जनुके नव्हती. म्हणजे 'थंडी सोसणारे जनुक' असे एखादे रत्न कुठेतरी आहे आणि ते शोधून काढले की झाले, ही आशा फोल आहे. प्रत्येक घराण्याने आपल्याकडे जे होते त्यातून मार्ग काढला.

कापूसगवताचा जनुकसंच एलिझाबेथ स्टंझ, मायकेल मूडी, फेचर आणि इतरांनी २०२२ मध्ये पाहिला, तेव्हा सर्वांत ठळक फाळणी वृक्षरेषेवर दिसली, जिथे जंगल संपून टुंड्रा सुरू होतो. वृक्षरेषेच्या दक्षिणेचे ठोंब एका गटात, उत्तरेचे दुसऱ्यात, आणि दोघांत देवाणघेवाण थोडी. याचा अर्थ लांब ऋतूची सवय असलेली दक्षिणेची जनुके उत्तरेकडे आपोआप, वाऱ्याबरोबर, हव्या तेवढ्या वेगाने पोचत नाहीत.

पोचली तरी रुजायला जागा हवी. दाट टुंड्रात नवे बी सहसा टिकत नाही, जुने ठोंब आणि शेवाळ जागा सोडत नाहीत. जागा मोकळी होते ती काही उलथापालथ झाली तर. २००७ च्या उन्हाळ्यात अनाक्तुवुक नदीजवळ वीज पडून टुंड्राला आग लागली आणि एक हजारहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेश जळाला. कापूसगवताचे ठोंब आतून जिवंत राहिले आणि पुन्हा फुटले. आपल्या जागी राहण्याची त्यांची ताकद केवढी, हे त्यातून दिसले. पण जुने ठोंब पुन्हा फुटले म्हणजे जुनी जनुकेच पुन्हा फुटली.

म्हणून काही शास्त्रज्ञ विचारतात की दक्षिणेचे बी माणसानेच उत्तरेला नेऊन टाकावे का. मला ही घाई धोक्याची वाटते. दक्षिणेचा ठोंब उत्तरेला लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षे तो छान हिरवा दिसेल आणि अहवालही छान लिहिला जाईल. पण ईगल क्रीकच्या ड्रायासनेही पहिल्या वर्षांत असाच अर्धवट निकाल दिला होता. २०१४ मध्ये फेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्डफूट, टूलिक आणि सॅगवन येथे नव्या अदलाबदलीच्या बागा लावल्या. काही ठोंबांवर वरून उघडे पारदर्शक कठडे ठेवले आहेत, त्यांच्या आत हवा थोडी अधिक गरम राहते. बीज हलवायचे की नाही हे या ठोंबांची मोजणी पुरेशी वर्षे झाल्यावर ठरवावे, आणि तोवर त्या बागांकडे दर उन्हाळ्यात जाणाऱ्यांचा खर्च कोणी तरी उचलत राहायला हवा.